सतराचा मान

आमच्या आळीत हिशेबात कोणी चुकलं की शेजारचा हमखास विचारतो, "सतराने बघितलंस का?" आणि ओट्यावर बसलेले सगळे हसतात. यातल्या निम्म्या लोकांना ही थट्टा कुणाची आहे तेही माहीत नाही. मला माहीत आहे, आणि ते हसू मला अजून सहन होत नाही. म्हणून लिहायला बसलो.

इग्नेशियस सर आमच्या शाळेत गणित शिकवायचे आणि मी इतिहास. ते ख्रिस्ती, मी हिंदू वाडवळ. आमच्या दोघांच्या केळीच्या वाड्यांमध्ये एक मेंदीचं कुंपण होतं, आणि त्याला पडलेल्या भगदाडातून दोन्ही घरांचा कारभार चालायचा. माझ्याहून वयाने दहाएक वर्षांनी मोठे. अंगाने किडकिडीत, आवाज बारीक, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. वर्गात मुलांवर हात उगारला नाही कधी. मुलांना त्यांची भीती नव्हती आणि मुख्याध्यापकांना किंमत नव्हती. पण एक गोष्ट या माणसाकडे होती जी वसई तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. त्यांना मूळ संख्यांचं वेड होतं.

मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेही भाग जात नाही ती. पाच, सात, अकरा. शाळेत आपण सगळेच हे शिकतो आणि शाळा सुटली की विसरतो. सर विसरले नाहीत. एकदा फळ्यावर सहज लिहिता लिहिता त्यांच्या लक्षात आलं, की एकतीस मूळ, तीनशे एकतीस मूळ, तीन हजार तीनशे एकतीसही मूळ. पुढे आणखी एक तीन लावला, तरी मूळच. आणखी एक लावला, तरी तेच. मला हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी इतिहासाचा माणूस असूनही हातातला खडू खाली ठेवला.

"नरहरी," ते म्हणाले, "शेवटी एक ठेवायचा आणि त्याच्याआधी तीन लावत जायचं. ही रांग कुठे तुटतच नाही बघ."

तुटत नाही हे म्हणणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. एखादी संख्या मूळ आहे हे सिद्ध करायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने तिला भागून बघावं लागतं. एकानेही पूर्ण भाग गेला की संपलं. सरांनी सात तीन आणि एक, म्हणजे ३३३३३३३१, ही आठ अंकी संख्या एकट्याने तपासली. त्यासाठी साडेसातशेच्या आसपास भागाकार लागले. शाळेतून आल्यावर पडवीत बसायचे आणि भागत राहायचे. तेवढ्या वेळात रेजिनाबाई, म्हणजे त्यांची बायको, विहिरीवरचा पंप चालू करून केळीला पाणी दाखवायची, पानवेलीची बांधणी करायची, टोपल्या भरून बाजाराला धाडायची. तिने एका शब्दाने कुरकुर केली नाही. उलट कोणी विचारलं तर सांगायची, "सरांचं काम चाललंय." त्या घरात काम म्हणजे ते भागाकार, आणि बाकी सगळं नुसतं घर.

आठ अंकी संख्या मूळ निघाली. ती खरोखरच मूळ आहे. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे हे कोणी सांगत नाही.

आता पाळी पुढच्या संख्येची. आठ तीन आणि एक. तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस. माझ्या वडिलांनी, बाबूनानांनी, ती ऐकली आणि म्हणाले, "तेहतीस कोटी तर आमचे देवच झाले, वरचे कोण?" सर खूप हसले. पण हिला दोन हजारांवर भागाकार लागणार होते, आणि सरांचे डोळे आधीच्या कामात अधू झाले होते. तेव्हाच दादरच्या गणित अध्यापक संमेलनाकडून त्यांना बोलावणं आलं, की तुमची ही रांग आमच्यासमोर मांडा. पुढच्या वर्षाचं संमेलन. खेड्यातल्या शाळेचा मास्तर कॉलेजातल्या प्राध्यापकांपुढे उभा राहणार होता. सरांना आयुष्यात हवं होतं ते एवढंच. नऊ अंकी संख्या मूळ ठरवायची आणि ती त्या लोकांपुढे ठेवायची.

मग त्यांनी आळीलाच कामाला लावलं.

आमच्याकडे मे महिन्यात संध्याकाळी क्रुसाजवळ जपमाळेची प्रार्थना होते. प्रार्थना झाली की उकडलेले चणे वाटतात आणि मग माणसं गप्पा मारत बसतात. १९७८च्या मे महिन्यात अशाच एका संध्याकाळी सर उभे राहिले आणि त्यांनी आपली अडचण सांगितली. प्रत्येक घराने थोडे थोडे भागाकार करायचे. एकच भागाकार दोन घरांना द्यायचा, दोघांनी बाकी किती उरली ते कागदावर लिहून आणायचं, आणि दोन्ही आकडे जुळले तरच तो धरायचा. कल्पना झकास होती. घराघरातल्या चौथी-सातवी झालेल्या बायका, कॉलेजातल्या पोरी, निवृत्त पोस्टमास्तर, सगळे तयार झाले. आमच्या हिंदू आळीनेही वाटा उचलला. इतकं गाव एका कामाला मी पूर्वी आणि नंतर कधी लागलेलं पाहिलं नाही.

पण आमच्याकडे कुठल्याही कामाचा आरंभ मानाने होतो. क्रुसावरची पहिली मेणबत्ती कोण लावणार, सणाच्या मांडवाचा पहिला खांब कोण रोवणार, हे ठरलेलं असतं. आणि मानकऱ्याचं काम कोणी तपासत नाही. एका वर्षी मानकऱ्याने रोवलेला खांब पहिल्याच रात्री कलला. सणभर मांडव एका अंगाला झुकलेला होता, लोक मान वाकडी करून जेवले, पण दुसऱ्या कुणी त्या खांबाला हात लावला नाही.

तसंच इथे झालं. दोन, तीन आणि पाचने भाग जात नाही हे कुणालाही नुसतं बघून कळतं. त्यानंतरच्या चार लहान संख्या सरांनी मानाच्या म्हणून काढल्या आणि एकेकालाच दिल्या. सात चर्चच्या फादरना दिला. अकरा माझ्या वडिलांना. तेरा आळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला, उर्सुलामावशीला. ती सुईण होती, निम्मं गाव तिच्या हातून जन्मलेलं. ती तिथल्या तिथे म्हणाली, "मला भागाकार नाय येत रे बाबा, मी नातीला बसवते." सगळे हसले, तीही हसली. आणि सतरा दिला फर्डिनंडकाकांना.

फर्डिनंडकाका आळीतले मोठे. केळ्यांचा व्यापार, दोन वखारी, सणाच्या कमिटीचे अध्यक्ष, शाळेच्या व्यवस्थापनातही त्यांचा शब्द चालायचा. पांढरं धोतर, वर कोट. त्यांना सतरा देताना सरांनी दोन्ही हातांनी कागद पुढे केला, आणि त्यांनी तो खिशात ठेवला.

पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर चौघांनी उत्तरं दिली. मी तिथे होतो. फादर म्हणाले, सातने भागून दोन उरतात. माझे वडील म्हणाले, अकराने एक. उर्सुलामावशीच्या नातीने कागद दाखवला, तेराने सहा. फर्डिनंडकाका चपला घालत होते.

"काका, सतराने?" सरांनी विचारलं.

"उरतं की," काका म्हणाले. "एवढा मोठा आकडा, उरणारच."

किती उरतं, ते सरांनी विचारलं नाही. पुढे दोन हजारांवर भागाकारांची बाकी दोन दोन वेळा जुळवून घेणाऱ्या माणसाने त्या एका ठिकाणी तोंड उघडलं नाही. नुसतं म्हणाले, "उपकार झाले, काका."

त्या संध्याकाळी कुंपणाच्या भगदाडाशी रेजिनाबाईने माझ्यादेखत नवऱ्याला सांगितलं, "अहो, सतराचा तुम्ही एकदा करून टाका. पाच मिनिटं लागतील."

"काकांनी सांगितलंय," सर म्हणाले. "त्याच्यावर परत मी करायचा म्हणजे त्यांना खोटं पाडायचं."

बाई पंप बंद करायला गेली. मीही घरी आलो. आम्हाला दोघांनाही तेव्हा ते बरोबरच वाटलं, कारण आम्हीही इथलेच.

काम वर्षभराहून जास्त चाललं. पावसाळ्यात वाडीची कामं आवरून बायका दिव्याजवळ पाट्या घेऊन बसायच्या. नायगावला सासरी गेलेली आळीतली सुझान माहेरी येताना आपले भागाकार बांधून आणायची. दोन घरांचे आकडे जुळले नाहीत की भांडणं व्हायची, मग सर मध्ये पडायचे आणि दोघांना परत करायला लावायचे. शेवटचा कागद आला तेव्हा रेजिनाबाईने सगळ्यांना सांदणं करून घातली. संख्या मूळ ठरली होती.

दादरला मी सरांबरोबर गेलो. नवा शर्ट, बिनडागाचा. सभागृहात शंभरेक माणसं असतील. सरांनी आपली रांग फळ्यावर लिहिली, एकाखाली एक, पायऱ्यांसारखी. आठ अंकीपर्यंत आले तेव्हा पुढच्या रांगेतल्या लोकांनी मान डोलावली. मग त्यांनी नऊ अंकी लिहिली आणि आवाज जरा चढवून म्हणाले, "ही आमच्या गावाने तपासली आहे." मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणीच आलं.

अध्यक्षस्थानी एक प्राध्यापिकाबाई होत्या. त्या बसल्या जागी कागदावर काहीतरी करत होत्या. त्या उठल्या, फळ्यापाशी आल्या, आणि अगदी हळू, जवळजवळ माफी मागितल्यासारखं म्हणाल्या, "सर, हिला सतराने भाग जातो." आणि त्यांनी करून दाखवला. एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस. बाकी शून्य. पुरतं एक मिनिटही लागलं नाही.

कुणीतरी मागे हसलं. सर फळ्याकडे बघत राहिले. ओझं अंगावर पडल्यावर माणूस जसा आधी नुसता उभाच राहतो, तसे उभे होते. मग त्यांनी डस्टर घेतलं आणि स्वतःच्या हाताने तेवढी एक ओळ पुसली. वरच्या सात ओळी राहू दिल्या. त्या बाई म्हणाल्यासुद्धा, की वरच्या सगळ्या बरोबर आहेत, तुमची मेहनत मोठी आहे. पण तोवर माणसं चहाला उठली होती.

परतताना मी विचारलं, "सर, सतरा कुणाकडे होता ते सांगायचं नव्हतं का तिथे?"

"तो विषय नको, नरहरी."

विषय त्यांनी काढला नाही, पण गावाने काढला. सतरा कुणाला दिला होता हे क्रुसाजवळ बसलेल्या प्रत्येकाने पाहिलं होतं. ‘उरतं की’ हे मिस्सेहून परतणाऱ्या अर्ध्या गावाने ऐकलं होतं. तरी एकाही माणसाने फर्डिनंडकाकांचं नाव घेतलं नाही. हसायचं कुणाला, हे ठरवायला कमिटी बसवावी लागली नाही. मुलं वर्गात सर आले की बाकावर टकटक करून "सतरा, सतरा" म्हणायची. दुकानात सुटे पैसे देताना दुकानदार डोळा मिचकावायचा. ज्या बायकांनी वर्षभर पाट्या घासल्या होत्या त्याही हसल्या. त्यांचा राग मला समजतो, पण तो चुकीच्या दारात नेऊन टाकला त्यांनी.

दोन वर्षांनी मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली. पाळी सरांची होती. व्यवस्थापनाने ती आचोळ्याहून येणाऱ्या, सरांच्या हाताखालच्या मास्तरांना दिली. बैठकीत फर्डिनंडकाका म्हणाले म्हणे, की जो माणूस साधं सतराने भागून बघत नाही त्याच्या हाती शाळा कशी द्यायची. मला हे कळलं तेव्हा मी सरांकडे गेलो आणि वाट्टेल ते बोललो. सर पडवीत बसले होते. मला म्हणाले, "बस. एक गंमत दाखवतो." आणि त्यांनी मला दाखवलं, की त्या रांगेत आठव्या जागी सतराने भाग गेला, की पुढे दर सोळा जागांनी तो परत जातोच. कितीही तीन लावत जा, ठरलेल्या अंतराने सतरा भेटणारच. त्यांनी ते रीतसर सिद्ध केलं होतं. पण ते कुणाला दाखवायचं? गावात सतरा हा शब्दच त्यांना तोंडातून काढता येत नव्हता.

१९८६ला सर निवृत्त झाले. दुपारी शाळेच्या हॉलमध्ये समारंभ. शाल, नारळ, फर्डिनंडकाका प्रमुख पाहुणे. काका आता थकले होते, काठी घेऊन आले होते, पण आवाज तोच. चार बरे शब्द बोलले. मग हसत म्हणाले, "सरांनी आमच्या गावाचं नाव दादरपर्यंत नेलं. फक्त एकदा सतराने बघायला पाहिजे होतं, एवढंच!"

हॉल हसला. सरही हसले. ते हसले याचा मला सगळ्यात जास्त संताप आला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने रेजिनाबाई उठली. लुगड्याचा पदर खोचून सरळ फळ्यापाशी गेली. तिने ती संख्या लिहिली, शेजारी सतरा लिहिला, आणि खडू घेऊन काकांसमोर उभी राहिली.

"काका, तेव्हा तुम्ही केला होता ना? आता करून दाखवा. आम्ही बघतो."

 काकांनी खडू घेतला, कारण एवढ्या लोकांसमोर पुढे आलेली वस्तू घ्यायची त्यांना सवय होती. काठी टेकत फळ्यापाशी गेले. खडू फळ्याला लावला आणि तसाच धरून ठेवला. तेहतीसखाली काय लिहायचं, हे त्यांना कळत नव्हतं. सतरा एके सतरा, एवढंसुद्धा नाही.  त्या क्षणी सगळ्या गावाला समजलं, की केळ्यांचा एवढा व्यापार करणाऱ्या या माणसाला भागाकार कधी येतच नव्हता. मुनीम होते, त्यांनी हिशेब केले असतील.

सर ताडकन उठले. मला वाटलं, आता तरी बोलतील. ते बायकोवर ओरडले. "रेजिना! जागेवर जाऊन बस!" इतक्या वर्षांत त्यांचा तो आवाज कुणी ऐकला नव्हता. मग त्यांनी काकांच्या हातातून खडू घेतला, त्यांना धरून खुर्चीवर बसवलं आणि फळा पुसून टाकला. रेजिनाबाई जागेवर बसली नाही. ती हॉलच्या बाहेर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर मला घेऊन काकांच्या घरी गेले. कशाला, ते मला तिथे पोचल्यावर कळलं. बायकोच्या वतीने माफी मागायला. काका ओट्यावर बसले होते. त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "मला नाय येत भागाकार, इग्नेशियस. पन तेव्हा सगळ्यांसमोर तसं कसं सांगनार?"

"मला ठाऊक होतं, काका," सर म्हणाले.

काकांनी मान वर केली. "कधीपासून?"

"पहिल्यापासून. वखारीत बघायचो ना तुम्हाला. म्हणूनच तर विचारलं नाही, किती उरलं ते."

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी सरांचा हात धरला आणि रेजिनाबाईला माफ केलं. आतून चहा आला, बरोबर वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी. मी दोन्हीला हात लावला नाही. परतताना बांधावरून चालत होतो तेव्हा माझ्याने राहवलं नाही.

"ठाऊक होतं? आणि तरी तुम्ही तपासलं नाही? अहो, घरी दार लावून एकदा करायचा. त्यांना कळलं नसतं, कुणालाच कळलं नसतं. पाच मिनिटांचं काम. तुमचं सगळं आयुष्य वाचलं असतं, त्या बाईचं वाचलं असतं."

सर थांबले. चष्मा काढून शर्टाला पुसला. त्यांच्या चेहऱ्यावर मला वाटला होता तसा मोठेपणा नव्हता. साधी भीती होती, वर्गात प्रश्न विचारल्यावर मुलांच्या तोंडावर असते तशी.

"बसलो होतो दोन-तीनदा," ते म्हणाले. "कागद घेऊन. पण घराघरात माणसं कामाला लागली होती रे. आणि भाग गेला असता तर?"